व्याह्यांचा अंगठा

वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. इवायाचा मान म्हणजे काय, हे ज्याला पाहायचं होतं त्याने त्या हिवाळ्यात वडनेर भोलजीला पुंजाजी इंगळ्यांच्या अंगणात यायला हवं होतं. तिथे निंबाखाली एका जुन्या पेट्रोल पिकअपचं बॉनेट उघडं असायचं. एका बाजूला शेषराव हिवाळे हातात पाना घेऊन उभे, दुसऱ्या बाजूला पुंजाजी हातात पाण्याचा तांब्या घेऊन. शेषरावांनी घाम पुसला की पुंजाजी तांब्या पुढे करत. तांब्या पुढे आला की शेषराव म्हणत, "आधी तुमी." पुंजाजी म्हणत, "छे छे, आधी तुमी." शेवटी पुंजाजींच्या घरच्या, जनकाबाई, आतून ओरडत, "प्या हो कोनीतरी एकजन!"

शेषराव चिखलीचे. त्यांचा उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपात, गाड्यांच्या खाली पाठ टेकून गेला. पुंजाजींचा गेला स्टिअरिंगच्या मागे. ते खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ड्रायव्हर होते, ही पिकअप तिथलीच. जिनिंग बंद पडलं तेव्हा गाडी भंगारात जाऊ नये म्हणून त्यांनी ती घरी आणली. ड्रायव्हर म्हणतो गाडीत खोट आहे, मेकॅनिक म्हणतो ड्रायव्हरमध्ये खोट आहे, ही भांडणं कुठल्याही डेपोत रोज चालतात. पण शेषरावांची वैष्णवी पुंजाजींच्या नागसेनला दिली आणि या दोघांची तोंडं कायमची गोड झाली.

शब्द दिला गेला तो लग्नातच. पंगत उठल्यावर शेषराव हात पुसत अंगणात आले, निंबाखालची पिकअप पाहिली, आणि पोटभर जेवलेल्या माणसाला जे होतं ते त्यांना झालं. पाहुण्यांच्या देखत त्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "पुढच्या जयंतीची मिरवणूक याच गाडीवर निघीन. माहा शब्द हाय."

पुंजाजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. चौदा एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो पूर्वी याच पिकअपवर निघायचा आणि स्टिअरिंगवर पुंजाजी असायचे, पांढराशुभ्र सदरा घालून, छाती पुढे काढून. इंजिन जाम झालं तेव्हापासून फोटो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर निघू लागला आणि पुंजाजी मिरवणुकीच्या शेवटी, पोरासोरांच्या मागे चालू लागले. आता मुलीच्या बापाने शब्द दिला म्हटल्यावर त्यांनी तो गावभर सांगितला.

खरं सांगायचं तर तो हिवाळा शेषरावांना फार सुखाचा गेला. रिटायर झाल्यापासून हाताला ग्रीस लागलं नव्हतं, त्यामुळे अन्नही अंगी लागत नव्हतं. आता ते सारखे एसटी पकडून वडनेरला येत. पिस्टन सिलिंडरमध्ये इतके घट्ट बसले होते की डिझेल ओतून ठेवून, लाकडी ठोकळ्याने ठोकत ठोकत बाहेर काढावे लागले. ब्लॉक खामगावला लेथवर नेला, नवे पिस्टन आणि रिंगा अकोल्याहून आल्या. व्हॉल्व्ह मात्र शेषरावांनी स्वतः बसून घासले. काडीला चिकटवलेला व्हॉल्व्ह दोन्ही तळव्यांत रवीसारखा घुसळायचा, पुसायचा, उजेडात पाहायचा, पुन्हा घुसळायचा. पुंजाजी एकेक नट डिझेलात धुऊन जनकाबाईंच्या परातीत मांडून ठेवत. त्या परातीला पुढे स्वयंपाकघरात कोणी घेतलं नाही.

एवढ्या दिवसांत दोघांत एक वाकडा शब्द झाला नाही. दुर्दैवाने एक सरळ शब्दही झाला नाही. शेषराव म्हणाले की पुंजाजी म्हणत, "तुमी म्हनसान तसं, इवाईबुवा." आणि पुंजाजी म्हणाले की शेषराव म्हणत, "तुमचंच बरोबर हाय."

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी इंजिन गाडीत बसलं. राहिलं फक्त टायमिंग. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. पिस्टन वर येतो दोनदा, एकदा आतली हवा दाबत आणि एकदा धूर बाहेर ढकलत. पिस्टन वर आल्याची पुलीवरची खूण दोन्ही वेळा जुळते, पण ठिणगी पाहिजे ती दाबाच्या वेळी. दाब ओळखायची जुनी रीत अशी, की पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून त्या भोकावर एकाने अंगठा ठेवायचा आणि दुसऱ्याने समोरून हँडल फिरवायचं. हवेने अंगठा उडवला की समजायचं, हाच दाब. शेषरावांनी हँडल धरलं, पुंजाजींनी अंगठा ठेवला. ऊन असं होतं की हँडलचं लोखंड हाताला चटके देत होतं.

"हवा मारते का, इवाईबुवा?" शेषरावांनी धापा टाकत विचारलं.

"हाव, हाव! मारते! बस करा आता," पुंजाजी लगबगीने म्हणाले.

शेषरावांनी खूण जुळवली, प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर बसवला, वायरी लावल्या आणि समाधानाने जेवायला गेले.

आणि आज, ऐन जयंतीच्या दिवशी, गाडी चालू व्हायचं नाव घेत नव्हती. सेल्फ मारला की कार्बोरेटर फुत्कारायचा, सायलेन्सरमधून बार उडायचा आणि कोंबड्या शेजाऱ्याच्या छपरावर जायच्या. दर बाराला पुंजाजी मान डोलावून म्हणत, "आवाज दमदार हाय, इवाईबुवा."

शेषरावांनी प्लग तपासले. पॉइंटची फट तपासली. कॉइल तपासली, पेट्रोल तपासलं. सगळं ठीक. शेवटी संशयाला एकच जागा उरली, आणि ती जागा म्हणजे पुंजाजींचा उजवा अंगठा.

आता आली का पंचाईत! वर्कशॉपात कोणी असा घोळ घातला असता तर शेषरावांनी त्याची सात पिढ्यांसकट हजेरी घेतली असती. पण इवायाला त्याच्याच अंगणात कसं विचारायचं, की तुम्ही काल खोटं बोललात का? त्यांनी आडून आडून प्रयत्न केला.

"काल ऊन लय होतं, नाई?"

"लय."

"अशा उन्हात हवा लागली का नाई, मानसाले समजतच नाई."

"खरं हाय तुमचं," पुंजाजी म्हणाले आणि तांब्या पुढे केला.

गल्लीच्या तोंडाशी ढोल-ताशा वाजू लागला. निळे झेंडे दिसू लागले. जयंती समितीचा ऋत्विक, गावातलाच एक तरुण, अंगणात आला आणि पुंजाजींच्या जवळ जाऊन हळूच म्हणाला, "काका, राहू द्या. टॅक्टर आनून ठेवला हाय. कोनी काई म्हनत नाई."

कोणी काही म्हणणार नाही, हे शेषरावांनाही माहीत होतं आणि त्याचीच त्यांना धास्ती होती. मुलीच्या बापाने शब्द दिला आणि तो वाया गेला, याबद्दल या घरात कोणी काही म्हणणार नाही. वैष्णवीलाही कोणी काही म्हणणार नाही. जन्मभर सगळे गोड बोलतील आणि मनात ठेवतील. ती दारात फुलांचं ताट घेऊन उभी होती. बापाची नजर तिच्याकडे जाताच तिने घाईघाईने हसून दाखवलं.

"बरोबर हाय," पुंजाजी ऋत्विकला म्हणाले. "गाडी जुनी हाय. इवाईबुवानं लय केलं." त्यांनी सदरा झटकला आणि ते गल्लीत निघाले. पण पुढे गेले नाहीत. जिथे पोरंसोरं जमली होती, त्या मागच्या टोकाकडे वळले.

ती पाठमोरी चाल पाहून शेषरावांच्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"ए ड्रायव्हर!" ते वर्कशॉपच्या आवाजात गरजले. "काल तुह्या अंगठ्याले हवा मारली होती का नाई? खरं सांग बे!"

'बे' हा शब्द पानठेल्यावरच्या दोस्ताला चालतो, अडून बसलेल्या बैलाला चालतो. इवायाला तो कोणी म्हटल्याचं वडनेरात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. जनकाबाईंनी तोंडाला पदर लावला. नागसेन आपल्या चपलांकडे पाहू लागला. शेषरावांना वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

पुंजाजी वळले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"नाई मारली बे!" ते तितक्याच मोठ्याने ओरडले.

"मंग मारते म्हनून काऊन सांगतलं?"

"तू घामानं भिजला होता! लेकीचा बाप माह्या दारात हँडल मारून राह्यला, अन मी म्हनू का अजून मार? अन पयल्याच बाराले मले समजलं होतं, गाडी उलटी बोलून राह्यली!"

"मंग बोलला काऊन नाई?"

"तू मोठा एसटीचा मेकॅनिक! तुले मी काय सांगू?"

"अन तू मोठा इवाई! तुले मी खोटा कसा म्हनू?"

दोघं एकमेकांसमोर धापा टाकत उभे राहिले. सगळ्यांत आधी हसल्या त्या जनकाबाई. पदर तोंडावर होताच, तो तसाच धरून त्या ओट्यावर बसल्या आणि हसू लागल्या. मग वैष्णवी. तिचं फुलांचं ताट इतकं हललं की अर्धी फुलं खाली. नागसेनने चपलांवरून नजर उचलली. पुंजाजींच्या मिशा थरथरू लागल्या, आणि शेषरावांना कळलं की आता हे थांबायचं नाही.

"चाल, ठेव अंगठा," शेषराव डोळे पुसत म्हणाले.

त्यांनी हँडल धरलं. पुंजाजी वाकले. "नाई मारत. नाई. अजून फिरव. जोर लाव बे, भाकर खाल्ली ना सकाळी? नाई... नाई..." आणि फस्सकन आवाज होऊन त्यांचा अंगठा भोकावरून उडाला. "हे पाह्य! याले म्हनतात हवा!" काळा झालेला तो अंगठा त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना दाखवला. ढोलवाल्यालाही दाखवला.

टायमिंग नेमकं उलटं लागलं होतं, ठिणगी धूर ढकलायच्या वेळी पडत होती. शेषरावांनी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरची प्रत्येक वायर काढून समोरच्या जागी लावली आणि नागसेनला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन खोकलं, अडखळलं आणि धरलं. पण लंगडत होतं. पुंजाजी बॉनेटवर हात टेकून डोळे मिटून ऐकू लागले आणि शेषराव डिस्ट्रिब्युटर केसभर केसभर फिरवू लागले.

"मांगं घे. अजून मांगं. लय झालं, गाढवा! पुढं. थोडकसंच." आणि मग, अगदी हलक्या आवाजात, "बस. आता हात नको लावू."

लंगडणं थांबलं. इंजिन एका सुरात, मऊ आणि खोल आवाजात चालू लागलं. शेषरावांनी हजारो इंजिनं ऐकली होती. या आवाजाने त्यांच्या अंगावर काटा आला. पुंजाजींच्या गालांवरून आसवं वाहत होती आणि ती पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

ट्रॅक्टरवाल्याने आपण होऊन ट्रॉली मागे घेतली. फोटो पिकअपवर चढला, झेंडूच्या माळा लागल्या, पंचशीलाचा झेंडा फडफडला. वैष्णवी आणि जनकाबाई फोटोच्या बाजूला बसल्या. पुंजाजी स्टिअरिंगवर, शेषराव शेजारी, आणि सगळी मिरवणूक त्यांच्या मागे. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने गाडी निघाली. निळा गुलाल इतका उधळला की समोरची काच दिसेना. क्लच कोणत्या आंधळ्याने बसवला असं पुंजाजी विचारत राहिले, आणि गिअर टाकायला शिकायचं वय गेलं असं शेषराव सांगत राहिले. दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं आणि दोघांनाही ते फार आवडत होतं.

चौकात सरबताचं पिंप मांडलं होतं. गाडी थांबताच ऋत्विक पहिला पेला घेऊन धावत आला. "आधी पाहुन्यायले!"

पुंजाजींनी त्याला हातानेच अडवलं. "पाहुना कोन हाय इथं? त्याले सगळ्यायच्या मांगून दे. शेषराव, रेडिएटर तापला. उतर अन पानी टाक पयले."

इवाईबुवा नाही, शेषराव. ते बादली घेऊन मुकाट्याने उतरले, फडक्यात धरून झाकण उघडलं आणि वाफेतून तोंड चुकवत पाणी ओतू लागले. मागून वैष्णवी ओरडली, "बाबा, सांडून राह्यले तुमी!" आणि तिची सासू ओरडली, "तू नको शिकवू, तुले तरी कुठं येते!" त्यावर दोघी खो खो हसल्या.

शेषरावांच्या हाती पेला आला तो सगळ्यांत शेवटी, पिंप जवळजवळ रिकामं झाल्यावर. त्यांनी तो ग्रीसच्या हाताने, भर उन्हात, उभ्या उभ्या घेतला. लेक चांगल्या घरी पडली असं ते वर्षभर लोकांना सांगत होते. त्या दिवशी त्यांना स्वतःला ते खरं वाटलं.