दर्यातला हौद आणि माझा तिसरा पाय

मी एक जुना स्टँड आहे. एसटीचा नव्हे, कॅमेऱ्याचा. मला तीन पाय आहेत आणि एकच काम येतं, न हलता उभं राहणं. मित्रांनो, यात काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. पाच मिनिटं जागेवर न हलता उभं राहून बघा, मग बोलू.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही, कारण मी खोक्यात होतो. वीरप्पांनी मला सोलापुरातून विकत आणलं आणि सास्तूरच्या त्यांच्या फोटो स्टुडिओत उभं केलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्या जागी नुकतं वसलं होतं. जुन्या घरांबरोबर जुने फोटोही मातीत गेले होते. त्यामुळं पहिली काही वर्षं लोक माझ्यासमोर येऊन बसायचे ते फार गंभीरपणे. वीरप्पा दर सोमवारी कपाळाला विभूती लावायचे आणि बोटाला उरलेली माझ्या डोक्याला पुसायचे. "कॅमेरे लई बदलले, ह्यो मातर पक्का हाय," असं गिऱ्हाइकांना सांगायचे. ते ऐकून मी आणखीच ताठ व्हायचो.

वीरप्पा गेले. त्यांची मुलगी शिवप्रिया स्टुडिओ चालवू लागली. मग मोबाईल आले. हातातल्या हातात फोटो निघू लागले, तिथं स्टँड कुणाला हवा? मी कोपऱ्यात गेलो. माझ्या एका खिट्टीला शिवप्रियाची पर्स लटकू लागली, दुसरीला ओली छत्री. तिचं लग्न झालेलं नाही. पंचक्रोशीतली एवढी लग्नं तिनं टिपली की आता हौस फिटली, असं ती हसत सांगते. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी ती थोडा वेळ नुसतीच बसून राहायची. मी तिच्याकडं बघायचो. आमच्या दोघांचंही बोलणं बेताचंच.

स्टुडिओच्या बाकावर रोज सकाळी ज्ञानोबा येऊन बसायचे. पाथरवट माणूस. वय झालेलं, बोटं अजून जाड. तरुणपणी ते कामासाठी कोकणात गेले होते. तिथं समुद्रकाठच्या कातळात भिंत घालून पोहायचा हौद केला होता आणि त्या भिंतीचे दगड ज्ञानोबांनी घडवले होते. ही हकिकत ते आठवड्यातून दोनदा तरी सांगायचे. समोरच्या चहाच्या हॉटेलातून बजरंग ऐकत असायचा.

"मामा, दर्यात हौद कशाला पायजे? दर्या पुरंना व्हय त्यान्ला?"

"लाटंचा मार लागू नये म्हनून. लेकरं पवत्यात आत."

"मंग पान्यात भिंत उभी ऱ्हाईली कशी? आमच्या नाल्यावरचा बंधारा पयल्याच पुरात गेला की."

"त्यो म्या बांदला नव्हता," ज्ञानोबा म्हणायचे, आणि सगळं हॉटेल हसायचं.

या हसण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. वाटलं ते नातीच्या एका प्रश्नानं. प्रतीक्षा सहावीत होती. तिनं शाळेत 'माझे आजोबा' या निबंधात दर्यातला हौद लिहिला. वर्ग हसला आणि बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. ती वही घेऊन थेट बाकापाशी आली.

"आजा, तुमी खरंच बांदला का हौद? का उगं सांगता?"

ज्ञानोबांनी वही बघितली, मिटली आणि तिच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. आठ दिवस बाक रिकामा राहिला. नवव्या दिवशी शिवप्रियानं त्यांना रस्त्यात गाठलं.

"मामा, रुसला का काय आमच्यावर?"

"न्हाय ग अक्का. लई वर्सं झाली बग. आता मलाबी वाटाय लागलंय, सपान पडलं आसंल."

हे तिनं स्टुडिओत येऊन मला सांगितलं. म्हणजे मोठ्यानं बोलली, आणि तिथं मीच होतो.

त्याच महिन्यात गावातल्या एका मुलाचं कोकणातल्या मुलीशी लग्न ठरलं. एवढ्या लांबची ऑर्डर शिवप्रिया कधी घेत नसे. ज्ञानोबांनी सांगितलेलं गाव तिथून तासाभरावर आहे असं कळलं, आणि तिनं घेतली. व्हिडिओसाठी मलाही उचललं. कित्येक वर्षांनी माझ्या अंगावरची पर्स निघाली.

लग्न सकाळचं होतं. जेवणं झाल्यावर नवरीच्या काकूंनी हौदाचं ऐकून सांगितलं, "आत्ताच जाऊन या हो. ओहोटी आहे, भिंत अगदी तळापासून दिसेल. संध्याकाळी भरतीचं पाणी चढतं."

शिवप्रिया म्हणाली, "रिकाम्या हौदाचा फोटो कुठं काढत असतात का? भरू द्या. परत जाताना गाडी थांबवते."

मित्रांनो, तिला हसू नका. आमच्याकडं तळं भरून वाहू लागलं की सगळं गाव फोटो काढायला जातं. आटलेल्या तळ्याचा फोटो फक्त पेपरवाले काढतात. तिनं ज्ञानोबांच्या हौदाचा मान राखायचा म्हणून संध्याकाळ निवडली होती.

दिवस बुडता बुडता आम्ही पोचलो. हौद नव्हता. काठापासून आभाळापर्यंत एकच करडं पाणी हलत होतं. लोखंडी कठडा असलेल्या चार पायऱ्या तेवढ्या पाण्यात उतरत होत्या आणि पुढं दिसेनाशा होत होत्या. भिंत पाण्याखाली गेली होती. शिवप्रियानं चार फोटो काढले. चारही फोटोंत नुसतं पाणी. गाडीवाला वर रस्त्यावर थांबला होता. रात्रीत घाट ओलांडायचा होता, उद्याची दुपार काही मिळणार नव्हती.

"अप्पा, चुकलंच की," ती गेलेल्या वडिलांना सांगावं तसं हळूच म्हणाली.

अंधारून येत होतं. निदान उजेड तरी यावा म्हणून तिनं वडिलांची जुनी युक्ती केली. मला पायरीवर रोवलं, कॅमेरा वर बसवला आणि त्याचं शटर तीस सेकंद उघडं ठेवलं, म्हणजे तेवढ्या वेळाचा उजेड एकाच फोटोत साठतो. माझा तिसरा पाय पायरीबाजूच्या वाळूत, पाण्यात होता. पाणी चढत होतं, पण मागं सरायचं तिला सुचलं नाही. चढतं पाणी बघून आमच्याकडचं कुणी मागं सरत नाही.

पहिल्या खेपेला लाटेनं मला हलवलं. दुसऱ्या खेपेला पायाखालची वाळू सरकली. तिनं ओंजळभर दगड आणून माझ्या पायाशी दाबले आणि पुन्हा बटण दाबलं. ते तीस सेकंद मी विसरणार नाही. एवढा मोठा दर्या हलत होता, आणि न हलणारे आम्ही दोघंच होतो.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो आला. लांबचं पाणी पिंजलेल्या कापसासारखं पांढरं झालं होतं. अलीकडचं पाणी काळं, पाटीसारखं सपाट. दोन्हींच्या मध्ये एक रेघ होती. भिंत जिथं होती तिथंच लाटा फुटत होत्या. एकेक लाट बघताना ते कळत नव्हतं. तीस सेकंदांच्या लाटा एकावर एक पडल्यावर कळलं.

"हाय," शिवप्रिया म्हणाली. एवढंच.

मला घडी घालून पिशवीत टाकताना गाडीवाला म्हणाला, "स्टँड धुवायचा का, ताई?"

"एवढ्या पान्यात हुबा होता, आनि काय धुवायचं?"

टँकरची वाट बघणाऱ्या गावातून आलेली बाई आणखी काय म्हणणार? घाट चढेपर्यंत माझ्या सांध्यात मीठ वाळलं. सास्तूरला पोचलो तेव्हा तिसरा पाय बाहेर आला तो आलाच, आत जाईना.

शिवप्रियानं फोटो मोठा करून घेतला आणि ज्ञानोबांना निरोप धाडला. ते आले, प्रतीक्षाही आली. बजरंग फडक्याला हात पुसत आला आणि म्हणाला, "ह्यात भिंत कुटंय? पानीच हाय सगळं."

ज्ञानोबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. बोलली ती प्रतीक्षा. पांढऱ्या आणि काळ्या पाण्यामधल्या रेघेवरून ती बोट फिरवत होती. एका जागी ते थांबलं.

"आजा, हितं वाकडी का केली?"

ज्ञानोबांनी खाली बाकावर हातानं चाचपलं आणि ते बसले. "तितं कातळ आडवा आला," ते म्हणाले. "मुकादम म्हनला, फोड. म्या म्हनलं, नगं, वळवून घिऊ." मग पुढं बराच वेळ ते बोलत राहिले. बजरंगचा चहा उकळून आटला, तरी तो गेला नाही.

मी आता लंगडा आहे. एक पाय लांब, म्हणून भिंतीला टेकवून ठेवावं लागतं. पर्स पुन्हा लटकू लागली आहे. तक्रार नाही, पण सांगून ठेवतो. माझ्यासारख्याला समुद्रावर नेलंत, तर घरी आल्यावर तांब्याभर गोड्या पाण्यानं धुवा. खारं पाणी दिसतं पाण्यासारखंच, पण धुऊन काढावं लागतं.

आणि मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस न पटण्यासारखं काही सांगू लागलं, तर आधी 'खरंच का?' असं विचारू नका. 'मग पुढं काय झालं?' असं विचारा. दर वेळी पुरावा आणायला मी काही पुरणार नाही. मला पायच तीन होते.