दांडीवरचा खळगा

मित्रांनो, मी एक जुना पेट्रोल पंप आहे. रस्त्यावरचा नव्हे बरं का! तिथे माणसं रांगा लावतात. माझ्याकडे कोणी फिरकत नाही. मी जुन्या मोटारीच्या इंजिनाला चिकटून बसणारा, मुठीएवढा पंप. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पाजणं हे माझं काम. माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे आणि कुशीला एक छोटी दांडी.

गाडी दोन-चार दिवस उभी राहिली, की माझे मालक बॉनेट उघडून, पेट्रोल वर चढावं म्हणून ती दांडी अंगठ्याने सात वेळा दाबत. सहा नाही, आठ नाही. शेजारी हसत, पण गाडी पहिल्या किल्लीला सुरू होई आणि मालक मला थोपटून म्हणत, "शाब्बास रे गड्या!" दाबून दाबून दांडीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. त्याचा मला कोण अभिमान!

पुढे मालकांची दृष्टी गेली. गाडी अकरा वर्षं शेडमध्ये पडून राहिली आणि माझा पडदा सुकून चिरला.

मग त्यांच्या लेकीने गाडी दुरुस्तीला काढली. बाबांना एकदा तरी पुन्हा त्यांच्या गाडीत बसवायचं, हा एकच ध्यास तिने घेतला होता. मेकॅनिककाकांनी मला उतरवून हातात तोललं.

"ताई, यात आता राम नाही. विजेवरचा नवा बसवू. किल्ली फिरवली की काम झालं."

तिने मान डोलावली. नवा पंप मागे टाकीजवळ लागला, माझ्या रिकाम्या जागेवर सपाट पत्रा बसला आणि माझी रवानगी भंगाराच्या डब्यात झाली. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

मालक आले. गाडी झटक्यात सुरू झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी मात्र इंजिन बंद करायला लावलं आणि चाचपडत बॉनेटपाशी गेले. त्यांचा अंगठा मला शोधत शोधत पत्र्यावर येऊन थांबला.

"छान आहे हो गाडी," ते परक्याशी बोलावं तसं म्हणाले. "कोणाची?"

"बाबा, आपलीच!"

"माझी समजूत घालू नकोस गं. आपली केव्हाच भंगारात गेली असेल."

लेकीचे डोळे भरून आले. ती तडक डब्याकडे गेली आणि गंजक्या बोल्टांतून तिने मला उपसून काढलं.

"काका, काहीही करा, पण हाच बसवा."

काकांनी डोकं खाजवलं. "चुकलंच माझं. पंप निवडताना तुमच्या बाबांना विचारायला हवं होतं."

त्यांनी काचेच्या सपाट तुकड्यावर पॉलिशपेपर पसरून माझी वाकलेली कड घासून सपाट केली, नवा पडदा घातला आणि मला माझ्या जागी बसवलं.

मालक पुन्हा यायला तयारच नव्हते. लेकीने कसंबसं आणलं आणि त्यांचा हात धरून माझ्यापर्यंत नेला. अंगठा बरोबर खळग्यात बसला. त्यांनी तो खळगा पुन्हा एकदा चाचपला. मग दाबू लागले. एक, दोन, तीन... सातव्याला इंजिनाचा कार्बोरेटर पेट्रोलने भरला. लेकीने किल्ली फिरवली, इंजिन घुमू लागलं.

"शाब्बास रे गड्या!" मालक म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

विजेवरचा पंप आता डिकीत असतो, अडीनडीला. गुणी आहे बिचारा, माझा त्याच्यावर राग नाही. मित्रांनो, जुनी वस्तू जरूर बदला. पण फेकण्याआधी तिच्यावर कोणाच्या बोटाचा खळगा आहे का, तेवढं चाचपून बघा.

आमच्याकडे आता दर रविवारी बॉनेट उघडतं. मालक अजूनही सातच वेळा दाबतात.