मावशीची पापणी

वर्गात सगळे तिला चिमणी म्हणत. दोन इयत्ता ओलांडून ती सोळाव्या वर्षीच शरीररचना आणि शरीरक्रिया शिकायला आली होती. बाकीची मुलं दाढी-मिशा फुटलेली. कुणाचं उत्तर अडलं की सर म्हणत, "चिमणीला विचारा," आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढे.

घरी ती आणि मावशी, दोघीच. आई गेल्यापासून मावशीनं शिवणकाम करून तिला वाढवलं होतं. एका संध्याकाळी सुईत दोरा ओवताना मावशी वैतागली. "मेल्या दोन-दोन सुया दिसतात! म्हातारी झाले बाई मी."

चिमणीनं वर पाहिलं. मावशीची डावी पापणी अर्ध्यावर उतरली होती. सकाळी तर डोळा टक्क उघडा होता. नसेनं धाडलेला निरोप स्नायूपर्यंत नीट पोचला नाही तर स्नायू लवकर थकतो, हे सरांनी नुकतंच शिकवलं होतं. तिची छाती धडधडली. भीतीनं नाही, आनंदानं.

पुढच्या महिन्यात प्रत्येकाला वर्गापुढे एक विषय मांडायचा होता. तिला तो घरबसल्या मिळाला होता. आत्ताच डॉक्टरांकडे नेलं तर औषध सुरू होईल, पापणी पुन्हा वर जाईल, मग दाखवायचं काय? ती रोज संध्याकाळी मावशीचा फोटो काढू लागली.

"माझ्या थोबाडात काय सोनं सापडलं गं?" मावशी हसून म्हणायची आणि केस सारखे करून बसायची.

पुढे मावशीचा घास तोंडात घोळत राहू लागला. गिळायचे स्नायूही थकू लागलेत, हे चिमणीनं ओळखलं. अजून थोडेच दिवस, असं स्वतःला समजावत राहिली.

एका दुपारी पाणी पिताना मावशीला जोराचा ठसका लागला. पाणी नाकातून आलं, श्वास कोंडला, ओठ काळेनिळे पडले. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून निभावलं. इस्पितळात काही दिवस नळीनं श्वास द्यावा लागला.

नळी निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कधीपासून होतंय?"

"आत्ताच की," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मला तर काही कळलंच नाही."

"मला कळलं होतं." चिमणी म्हणाली. "आधीच. वर्गात दाखवायचं होतं म्हणून... म्हणून बोलले नाही."

मावशीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"ते फोटो त्यासाठी होते होय," ती म्हणाली. "मला आपलं वाटलं, मावशी आवडते म्हणून काढतेस."

चिमणीला रडूसुद्धा आलं नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं.

गोळ्या लागू पडल्या. मावशी पुन्हा मशीनवर बसली. चिमणीनं फोटो पुसून टाकले आणि वर्गात मूत्रपिंडावर बोलली. सर शाबास म्हणाले, तेव्हा तिनं मान वर केली नाही.

मावशी डबा देते, अभ्यासाचं विचारते. पण चिमणीची नजर आपल्या चेहऱ्यावर ठरली की मावशी हळूच कूस बदलल्यासारखं तोंड वळवते.

काल चिमणी मशीनपाशी जाऊन बसली. "मावशी, डोळा बघू का गं जरा?"

"नको," मावशी म्हणाली. "डॉक्टर बघतात की."

चिमणीनं शिवून झालेले सदरे पुढ्यात ओढले आणि एकेकाला बटणं लावायला घेतली.