लेखी खुलासा

"या घरात पोरीला शब्दानं बोलायचं नाही, असा कायदाच झालाय जसा," अण्णा वर्तमानपत्रातच पुटपुटले. पण अशा बेतानं, की हातभर अंतरावर पोळ्या लाटणाऱ्या सुनेला अक्षरन् अक्षर पोचावं.

कुमुदला पोचलं. तिनं पोळी उलटली.

राजधानीतल्या आर. के. पुरमच्या त्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये दीड वर्ष हा कायदा खरोखरच होता. अण्णांचा मुलगा श्यामकांत भर दुपारी मोतीबागच्या चौकात स्कूटरच्या अपघातात गेला, तेव्हापासून त्याच्या मुलीला, वृंदाला कुणी रागावलं नव्हतं. कुमुदला त्याच्याच सेक्शनमध्ये अनुकंपेवर नोकरी लागली. शाळेची चिठ्ठी आली की ऑफिसात डाक घ्यावी तशी ती घेई, सही करी, परत पाठवी. वर्गात शिव्या दिल्या, सही. मॅडमची नक्कल केली; सही. स्वतः मात्र ती शाळेत एकदाही गेली नव्हती. आज पंधरा वर्षांच्या वृंदानं एका मुलीचा चष्मा पायाखाली चिरडला होता. उद्या दहाला पालकांनी यावं, नाहीतर नाव काढून टाकू, असं चिठ्ठीत होतं.

"मारायचं नाही, ओरडायचं नाही. ठीक," अण्णा उठले. "लेखी खुलासा घेऊ."

सरकारात छत्तीस वर्षं काढलेल्या अण्णांचा माणसापेक्षा कागदावर भरवसा. त्यांनी फुलस्केप काढला, समास मुडपला आणि मुद्दे घालून दिले: काय केले, का केले, पुढे काय. "आणि मराठीत लिहायचं."

"अण्णा यार, मी काय तुमच्या ऑफिसातली यूडीसी क्लार्क आहे?"

"असतीस तर केव्हाच सस्पेंड केली असती."

वृंदा फिस्सकन हसली. पण बसली लिहायला. बराच वेळ पेन चावत बसली. मग आजोबांनी पुढे केलेल्या हाताकडे न बघता तिनं कागद आईच्या पोळपाटावर, पिठातच ठेवला.

'१. रश्मीचा चश्मा तोडला. २. ती बोलली तुझी तर ऐश आहे, तुला घरी कोणी डाटत नाही. ३. आईने मला एकदा खूप मारावे.'

सुनेच्या खांद्यावरून अण्णांनीही वाचलं. शुद्धलेखनाबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

"मार ना," वृंदा म्हणाली. "का नाही मारत? मला सब माहितीये. बाबा गेले त्या दिवशी पण शाळेनं बोलावलं होतं. माझीच कम्प्लेंट होती. बाबा त्याच्यासाठीच येत होते ना?"

"छे गं, तसं काही नसतं," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "रस्ता ओला होता, त्यात तो ट्रकवाला..."

"अण्णा, थांबा."

सासऱ्यांना असं मधेच तोडण्याची कुमुदची ही पहिलीच वेळ. तव्यावरची पोळी करपत होती. तिनं गॅस बंद केला, हात पदराला पुसले. पोरीला जवळ मात्र घेतलं नाही. घेतलं असतं, तर बोलणं पुन्हा राहून गेलं असतं.

"हो," ती म्हणाली. "बाबा तुझ्यासाठीच निघाले होते."

कुमुदनं करपलेली पोळी बाजूला काढली.

"आणि शेजारच्यांकडून ऑफिसात फोन मी केला होता. ते जेवायला बसले होते. म्हटलं, डबा राहू दे, आधी शाळेत जा. लवकर जा म्हटलं. मग तुला कुठल्या तोंडानं रागावू?"