शेडवाल्यांचा सिनेमा

सौदीतल्या अल खर्जच्या त्या डेअरीत गायींना गार हवेचे पंखे होते आणि माणसांना नियम. शेडच्या कपड्यांत कॅम्पच्या हॉलमध्ये यायचं नाही, हा त्यातलाच एक. वास येतो म्हणे. ज्या दुधावर सगळ्यांचे पगार निघतात, ते काढणाऱ्यांचाच वास!

दूध तपासणाऱ्या लॅबमधली सानिका दर शुक्रवारी दुपारी त्या हॉलमध्ये जुने सिनेमे लावायची. कॅम्पच्या कमिटीचे सेक्रेटरी रत्नाकर साहेब यांना तो वेळ बॅडमिंटनला हवा होता. त्यांनी तोंडावर सांगितलं, "आज पंचवीस माणसं शेवटपर्यंत बसली तर ठीक. नाहीतर खलास."

सानिकानं हट्टानं आपला लाडका सिनेमा काढला. कृष्णधवल, अमेरिकेतला, कुणी नावही न ऐकलेला. एक विधवा, तिच्या चाळीस गायी आणि तिचं खोरं गिळायला टपलेला बडा जमीनदार.

वीस मिनिटांत इंजिनिअर मंडळी उठली. "गायीच बघायच्या तर इथे काय कमी आहेत?" असं म्हणून हसली. उरले नऊ.

सानिकानं सिनेमा थांबवला आणि तरातरा उन्हात गेली. शिफ्ट नुकतीच सुटली होती. धारा काढणारे पस्तीसेक जण बसची वाट बघत उभे होते. जतचा रूपेश सगळ्यांत पुढे.

"रूपेशदादा, सिनेमाला चला. सगळे चला."

"ह्या कपड्यांत? आन् इंग्रजी? ताई, चेष्टा करताय व्हय?"

"गायींच्या जमिनीचं भांडण आहे. आज माणसं नाही जमली तर माझा शुक्रवार गेला."

रूपेशनं मागं बघितलं. "यल्ला रे! चलो सब!"

दारात रत्नाकर साहेब आडवे आले. "सानिका, नियम आहे!"

"सकाळच्या चहात ह्यांनीच काढलेलं दूध होतं, साहेब. तेव्हा नाही आला वास?"

साहेब बाजूला झाले. गमबूट वाजवत सगळी फौज आत शिरली. सानिकानं सिनेमा पहिल्यापासून लावला.

पडद्यावर जमीनदारानं खोटे कागद पुढे केले. "खोऱ्यातला झरा माझ्या बापानं खणला," म्हणाला. विधवेकडे कागद नव्हता. झरा तर दाट झाडीत लपलेला, न्यायाधीशालाही दिसेना. "ज्याचा झरा त्यानं दाखवावा," असं न्यायाधीशानं फर्मावलं. जमीनदाराची माणसं नुसती इकडेतिकडे बघू लागली.

तेवढ्यात रूपेश खुर्चीवरून उठला. "अगं बाई, गायी सोड! रोज पाण्याला जाणारं जनावर हाय ते, न्हेतं बघ बरोबर!"

"छोड दे! गाय छोड दे!" मागून राजस्थानी, बंगाली, नेपाळी सगळे ओरडले. ह्यांच्या शेडमध्ये तर गायी धारेच्या तिन्ही वेळा आपापल्या क्रमानं, न हाकता येऊन उभ्या राहायच्या. इंग्रजीवाचून कुणाचं काय अडलं होतं?

आणि पडद्यावर विधवेनं फाटक उघडलं.

तहानलेल्या गायी जमीनदाराला मागे टाकून सरळ झाडीत घुसल्या आणि पाण्याला तोंड लावून उभ्या राहिल्या. हॉल दणाणला. शिट्ट्या, आरोळ्या, गमबुटांचा धडाका! उठून गेलेले इंजिनिअर आवाज ऐकून परत आले, तर बसायला जागा नाही. भिंतीला टेकून उभे राहिले.

दिवे लागले. सानिकाचा आवाज खणखणीत.

"मोजा, साहेब."

रत्नाकर साहेबांनी खरोखरच बोट दाखवून मोजायला घेतलं. तिसाच्या पुढे त्यांचा हात खाली आला.

"शुक्रवार तुझा," ते म्हणाले. "आणि तो कपड्यांचा नियम... मी बोलतो कमिटीत."

"बोला की," रूपेश म्हणाला, "पन आधी दुसरा लावा. आमची बस गेली."