स्वस्तातलं डिझेल

पौर्णिमा चालायला लागायच्या आधीच तिची आई गेली आणि तेल्हाऱ्याच्या गोदाबाई मावशीनं तिला उचलून आपल्या घरी आणलं. मावशीकडे वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, फुलकोबी असा भाजीपाला. सगळं घर त्यात राबायचं. त्या भाजीवरच पौर्णिमा शिकली आणि परीक्षा देत देत अकोल्यात पुरवठा निरीक्षक झाली. मावशीचा मुलगा कुलदीप शाळेत रमला नाही. त्यानं पिकअप घेतली आणि गावची भाजी भरून अकोल्याच्या, कधी अमरावतीच्या बाजारात पोचवायचा धंदा धरला.

दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात डिझेल शंभरीला भिडायला निघालं होतं. सुटीला घरी आलेली पौर्णिमा जेवायला बसली, तेव्हा कुलदीपनं भाकर मोडता मोडता तोच विषय काढला.

"ताई, तू सरकारात हायस. मले सांग, कोरोनात साऱ्या दुनियेत तेल मातीमोल झालं होतं. आपल्याइथं कावून नाई उतरलं?"

"जेवढं उतरलं तेवढा कर चढवला," पौर्णिमा म्हणाली. "केंद्रानं एका रातीत पेट्रोलवर दहा अन् डिझेलवर तेरा रुपये वाढवले."

"मंग थो पैसा गेला कोठी?"

"तिजोरीत. दुकानं बंद, कारखाने बंद, बाकी कर आटले होते. तेलाचा तेवढा चालू होता. माहा पगार त्यातूनच झाला असंल." तिनं भाकरीवर भाजी घेतली. "हे आजचं नाही. इंग्रजांनी एकोणीसशे एकोणतीसमध्ये पेट्रोलवर गॅलनमागं दोन आणे जास्तीचे लावले होते, खास रस्त्यांसाठी. तेव्हापासून जो आला त्यानं आपापल्या गरजेनं वाढवत नेलं."

मावसाजी, म्हणजे मावशीचे यजमान जानराव, ताटावरून मान वर न करता म्हणाले, "दुष्काळ पडला त राज्यानं दोन रुपये लावले. पाऊस आला. दोन रुपये गेले नाईत."

"आता शेतीच्या नावानंबी सेस आहे," पौर्णिमा म्हणाली, "जास्तीचा कर. डिझेलवर चार रुपये."

"शेतीच्या? आपल्याच?" वाढता वाढता मावशी थबकली. "मंग थे आपल्या वावरात कावून नाई आले?"

सगळे हसले. मावशीला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी पौर्णिमाला छाप्यावर पाठवलं. अकोल्याबाहेर हायवेला एक टिनाचं शेड होतं. दारावर रंगानं 'बायोडिझेल' लिहिलेलं, आत पांढरी टाकी आणि पंपासारखीच नळी. परवाना नव्हता. टाकीत होतं ते कारखान्यात वापरायचं द्रावक, त्यात कसलं तरी तेल मिसळलेलं. त्यावर ना केंद्राचा इंधनावरचा कर ना राज्याचा, म्हणून पंपापेक्षा वीस-पंचवीस रुपयांनी स्वस्त. मालक अश्विन मागच्या वाटेनं पसार झाला. रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांत तिला कुलदीपची पिकअप दिसली.

पोलिसांनी गाडीवाल्यांची नावं घेऊन त्यांना सोडून दिलं. जाता जाता कुलदीप तिच्याजवळ आला.

"आता गाडी कशावर चालवू?"

"पंपावरच्या डिझेलवर."

"थे टाकून भाजी नेली त घरी रिकामे कॅरेटच आणतो मी."

"अरे, हे नुसतं कर चुकवणं नाही. हे पेट्रोलसारखं भडकते."

"वर्षभर टाकून राहिलो. काई झालं नाई." एवढं बोलून तो गाडीत बसला.

तिनं टाकीला सील ठोकलं. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला. मावशीनं तो कापून देवघरात ठेवला, हे तिला फोनवर कळलं. अश्विननं धंदा बंद केला नाही, हे मात्र तिला कोणीच सांगितलं नाही. शेडला कुलूप लागलं म्हणून तो आता टेम्पोनं गावोगावी ड्रम पोचवत होता, आणि लोक ते घरात ठेवत होते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी कुलदीप न्हाणीमागच्या टिनाखाली ड्रममधून कॅनमध्ये नळीनं ओतत होता. थोडं सांडलं. त्यात काय, म्हणून त्यानं पायानं माती लोटली. भिंतीपलीकडं गोदाबाईनं अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवायला काडी ओढली. जमिनीलगत सरकत आलेल्या वाफेनं त्या काडीवर पेट घेतला. भप्पकन एकच आवाज झाला. कुलदीपनं आईला आगीतून ओढून काढलं, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची कातडी सोलून निघाली होती.

अकोल्याच्या दवाखान्यात गोदाबाई शुद्धीवर होती. नायब तहसीलदार जबाब घ्यायला आले. पौर्णिमा दाराशी उभी होती. कुलदीपच्या कपड्यांना येणारा छाप्यातल्या टाकीचा वास तिनं ओळखला होता.

"कसं पेटलं, आजी?"

"लुगडं चुलीत गेलं."

"घरात काही ठेवलेलं होतं का? तेल, रॉकेल?"

"नाई. मीच धांदरट."

ते गेल्यावर तिनं डोळ्यांनीच पौर्णिमाला जवळ बोलावलं.

"लिहिलं ना त्यायनं?"

"हो, मावशी."

"मंग आता तू काई बोलजो नको. पोरगा हाय माहा."

त्याच संध्याकाळी ती गेली. जळालेला ड्रम जानरावांनी आधीच वावरात पुरून टाकला होता. प्रकरण मिटल्यात जमा होतं.

स्मशानातून परतल्यावर पौर्णिमा वॉर्डात कुलदीपजवळ जाऊन बसली. त्याचे हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले होते.

"गावात अजून कोणाकडे अश्विनचे ड्रम आहेत?"

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तसंच पडून त्यानं नावं सांगितली.

"देवरावकडे हाय. पार्बताबाईच्या गोठ्यात हाय. बेबीताईच्या घरी तं माजघरात, पलंगाखाली."

"पलंगाखाली?"

"पायल झोपते त्यावर. बेबीताईची नात." मग तो लहान पोरासारखा रडायला लागला. डोळे पुसायला हात उचलता येत नव्हते, पौर्णिमानं आपल्या ओढणीनं पुसले.

ती पोलिसांकडे जायच्या आधी घरी गेली. जानराव ओसरीवर बसले होते.

"मावसाजी, मी सांगणार आहे. घरोघरी ड्रम आहेत. उद्या दुसऱ्याचं घर जळंल."

"ड्रम उचलायले लाव. आपल्या घराचं नाव कावून घेतं?"

"पोलिस विचारतील, मले कसं कळलं. अन् मावशी कशानं गेली हे सांगितल्याबिगर अश्विनवर नुसता साठ्याचा गुन्हा लागंल. दंड भरंल अन् सुटंल."

जानराव उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही.

"तिनं मरतानी खोटं बोललं. जिंदगीत पयल्यांदा. थे कोनासाठी, हे तुले मालूम हाय. तू तिचं दूध नाई पेली पोरी, पन तिच्या हातची भाकर त खाल्ली ना?"

 पौर्णिमा पोलिसांकडे गेली आणि तिनं सगळं सांगितलं.

ड्रम निघाले, तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त. गोठ्यांतून, न्हाण्यांतून, धान्याच्या कोठीमागून. बेबीताईच्या पलंगाखालचा ड्रम बाहेर काढला तेव्हा त्याच्या बुडाशी ओल होती. बेबीताईनं पौर्णिमाला शिव्या घातल्या. अश्विन धरला गेला. कुलदीपला दवाखान्यातून पट्ट्यांसकट नेलं. आपल्या निष्काळजीपणानं आईच्या मृत्यूला कारण झाला, असं त्याच्या गुन्ह्यात लिहिलं होतं. गावात लोक बोलले, "मावशीच्या राखेवर बढती घेऊन राहिली."

बढती काही मिळाली नाही. अश्विनचा वकील चांगला होता, कुलदीपच्या आधी तोच जामिनावर सुटला. दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीत त्यानं नवी टाकी बसवली, असं ड्रायव्हर लोक सांगत. तिथं पौर्णिमाचा अधिकार चालत नव्हता. तिनं पत्रं पाठवली.

आणि ऐन दिवाळीत केंद्रानं कर कमी केला. डिझेलवर दहा रुपये, पेट्रोलवर पाच. ऑफिसात कोणीतरी पेढे वाटले. पौर्णिमानं पेढा हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवून दिला.

घरात सुतकाचं वर्ष होतं, सण नव्हता. तरी भाऊबीजेला ती ताम्हण घेऊन तेल्हाऱ्याला गेली. जामिनावर सुटून कुलदीप घरी आला होता. जानराव ओसरीवरच होते. त्यांनी तिला ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही.

"एका रातीत दहा रुपये कमी करता येत होते," ते अंगणाकडे पाहत म्हणाले, "त थे आंधी कावून नाई केले?"

"मले नाई मालूम, मावसाजी."

"तुले त समदं मालूम असते."

ते उठून वावराच्या वाटेला लागले. कुलदीप बाहेर आला. हात बरे झाले होते, पण बोटं आखडून आत वळली होती, स्टेअरिंग धरण्याजोगी राहिली नव्हती. पौर्णिमानं पाट मांडला. तो बसला. तिनं निरांजन काढून काडी ओढली, तसा तो पाटावरून मागे सरकत भिंतीला जाऊन टेकला.

"ताई, ओवाळू नको," तो म्हणाला. "नुसतं कुंकू लाव."

तिनं काडी विझवली. त्याच्याजवळ जाऊन जमिनीवर बसली आणि कुंकू लावलं.