मालनची चिठ्ठी माझ्या पोटात राहिली

मित्रांनो, मी मुलुंडच्या एका हायस्कुलातली जुनी लाकडी पेटी आहे. आता माझं झाकण धड लागत नाही आणि कुलूप तर केव्हाच हरवलं. आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो स्वतःची थोरवी गातो. मी मात्र माझी एक चूक सांगणार आहे. ती सांगितल्यावाचून मला चैन पडायची नाही.

एकोणीसशे बावन्न साली सुताराने मोडक्या बाकांच्या फळ्यांतून मला घडवलं. त्याच वर्षी विद्याधर टिपणीस नावाचे नवे हेडमास्तर आले. आल्या आल्या त्यांनी शाळेतल्या सगळ्या छड्या गोळा केल्या आणि कपाटात कोंडल्या! मास्तर मंडळी हबकली. म्हणाली, "छडीवाचून ही कार्टी सुधारायची कशी?" सर म्हणाले, "आपलं चांगलं वागणं कुणीतरी बघतंय, एवढं कळलं की पोरं आपोआप सुधारतात."

मग मला जिन्याखाली ठेवलं आणि नियम झाला. दुसऱ्याने केलेली चांगली गोष्ट दिसली, की चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. चहाडी करायची नाही, आणि स्वतःविषयी तर एक अक्षर लिहायचं नाही. दर शनिवारी प्रार्थनेनंतर शिपाई काशीराम मला टेबलावर उपडी करायचा आणि सर चिठ्ठ्या वाचून दाखवायचे.

काय सांगू, शाळेचा नूरच पालटला! एरवी एकमेकांच्या उरावर बसणारी पोरं एकमेकांच्या दौती भरून देऊ लागली. नाव पुकारलं की भल्याभल्यांचे कान लाल व्हायचे. येणारे-जाणारे माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "झकास पेटी आहे हं!" हे सगळं आपल्यामुळेच चाललंय असं मला वाटू लागलं. सरांनाही तसंच वाटत असावं. कारण त्यांनी आणखी एक नियम केला. ज्याच्या नावाने वर्षात एक तरी चिठ्ठी निघेल, त्याच्याच दाखल्यावर 'वर्तणूक उत्तम' असा शेरा मिळेल.

पुढे इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हणून शिवण शिकवणाऱ्या पद्मजाबाईंनी मला आतून लाल मखमल चिकटवली. त्या शनिवारी काशीराम मला उपडी करायला गेला, तर सर ओरडले, "अहो, हळू! मखमल निघेल. हाताने काढा चिठ्ठ्या." तेव्हापासून मला कुणी उपडी केलं नाही. मखमलीची मागची कड आठवड्याभरातच सुटली होती. ते मला कळत होतं. पण मी मखमलीत मिरवत होते, कडेची फिकीर कोण करतो?

अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात, मालन तावडे नावाची मुलगी होती. तोंडाने फटकळ. कुणी वेणी ओढली तर मागे वळून सणसणीत ठेवून द्यायची. तिला नर्स व्हायचं होतं, आणि त्या शिक्षणासाठी 'उत्तम' शेरा हवाच होता. दर शनिवारी ती मान ताठ करून उभी राहायची. तिचं नाव कधी निघायचं नाही.

एका दुपारी नववीतल्या नलिनीने इकडेतिकडे बघत माझ्यात एक पातळ चिठ्ठी टाकली. तीत लिहिलं होतं, "मालन तावडे रोज मधल्या सुट्टीत एका मुलीला आपली अर्धी भाकरी देते, आणि वर म्हणते की मला भूकच नाही." ती एक मुलगी म्हणजे खुद्द नलिनीच! चिठ्ठी घसरली ती थेट मखमलीच्या मागे. मला ती पाठीला टोचत होती. शनिवारी काशीरामचा हात आत फिरला आणि चिठ्ठी तशीच मागे ठेवून बाहेर गेला.

वर्ष संपत आलं. शेवटच्या शनिवारी सरांनी एक चिठ्ठी उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मालन, उभी राहा. हे तुझंच अक्षर ना?"

"हो सर."

सरांनी मोठ्याने वाचलं, "मालन तावडे वाईट मुलगी नाही."

सगळी शाळा खो खो हसली. मालन रडली नाही. ती फक्त म्हणाली, "खोटं नाही लिहिलं सर." नलिनी मान खाली घालून बसली होती. बोलावं तर आपल्याला डबा मिळत नाही हे सगळ्यांना कळणार, म्हणून ती गप्प राहिली. आणि मी? खरी चिठ्ठी पोटात घेऊन मी टेबलावर ऐटीत बसले होते. मालनच्या दाखल्यावर शेरा पडला, 'वर्तणूक बरी'.

पाच वर्षांनी मखमलीला कसर लागली. काशीरामने ती ओरबाडून काढली आणि तो ओरडला, "सायबानू, ह्यां बघा काय गावला!" सरांनी चिठ्ठी वाचली आणि मालनचा पत्ता शोधायला जुनं रजिस्टर काढलं.

त्याच रविवारी नवा दाखला लिहून, मला काखोटीला मारून सर विक्रोळीच्या चाळीत गेले. मालन आता तिथल्या कारखान्यात डबे भरायचं काम करत होती. नर्सिंगच्या प्रवेशाचं वय उलटून गेलं होतं. तिने सरांना पाणी दिलं, चिठ्ठी दोनदा वाचली आणि दाखला न उघडताच बाजूला ठेवला.

"माझीच चूक झाली, मालन," सर म्हणाले.

"चिठ्ठी अडकली, त्याचं काय एवढं सर? लाकडाच्या पेटीला काय कळतंय! पण मी वर्षभर तुमच्या तासाला तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्या बाकावर होते ना. तास संपून मधली सुट्टी झाली की भाकरी तिथंच मोडायचे. तुम्हाला नाही दिसलं?"

सरांची मान खाली गेली. "नाही गं. मी पेटीकडेच बघत राहिलो."

मित्रांनो, त्या दिवसापासून सरांनी माझ्यात चिठ्ठ्या घेणं बंद केलं. मधल्या सुट्टीत ते स्वतः वर्गावर्गांतून फिरू लागले. तुम्हीही तसंच करा. शेजारच्या बाकावरचं कुणी चांगलं वागलं, तर त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर सांगा. ते काम माझ्यासारखीवर सोपवू नका. लाकडाच्या पेटीला काय कळतंय, असं म्हणून मालनने मला सोडून दिलं. पण मला सगळं कळत होतं.